आग लागलीये, हळू बोला

वृद्धनिवासात आग लागली तर सगळ्यात आधी काय करायचं, असं अग्निशमन अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा मामांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "सगळ्यात आधी, आवाज करायचा नाही."

अधिकारी हातातली पेन्सिल थांबवून मामांकडे बघत राहिले. मामांना वाटलं, उत्तर आवडलं. म्हणून त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. दुपारची वेळ असेल तर आधी पडदे सारखे करायचे, चपला काढून हातात घ्यायच्या, आणि मग जी काय आग असेल ती विझवायची.

यात मामांचा तरी काय दोष? त्यांचा सगळा जन्म वाचनालयात गेला होता. तिथे पुस्तकाचं पान जोरात उलटणाऱ्याकडे ते नुसते चष्म्यावरून बघत आणि तो माणूस पुढे महिनाभर येत नसे. निवृत्त झाल्यावर धाकट्या बहिणीनं, म्हणजे ताईंनी, त्यांना आपल्या वृद्धनिवासात कारभार बघायला बोलावलं. बहीण ताई आणि भाऊ मामा, हे कसं, असं कुणी विचारू नये. ताईंच्या मुलीनं लहानपणी मारलेली हाक घराला चिकटली, घरातून निवासाला चिकटली, आणि आता मामांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे आजोबाही त्यांना मामाच म्हणत.

आल्याआल्या मामांनी निवासाचं वाचनालय करून टाकलं. दारांच्या कडांना जाड कापडाच्या पट्ट्या लागल्या. खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे आले. पलंगांना चाकं होती, त्यांना मामा दर आठवड्याला स्वतः ओणवे होऊन तेल घालत, इतकं की पलंग ढकलला तर तो सरकला की आपणच मागे गेलो हे कळत नसे. कर्मचारीही तयार झाले. सिस्टर झोपलेल्या माणसाखालची चादर त्याला न उठवता बदलू शकत. स्वयंपाकीणबाई भांडी अशी घासत की जणू ती आजारी आहेत. सफाईच्या मावशींचा झाडू कापसाचा असावा, अशी नव्या माणसाला शंका येई. आणि वॉचमन तर फाटकावर आलेल्या पाहुण्यांशी खुणांनीच बोलत असे.

"धोक्याची घंटा कुठेय?" अधिकाऱ्यांनी विचारलं होतं.

मामांनी मोठ्या अभिमानानं जिन्यापाशी नेऊन दाखवली. घंटा भिंतीवर होती. लोकरीच्या राखाडी मोज्यात होती.

"थंडी वाजते का तिला?" अधिकारी म्हणाले. त्यांनी मोजा काढला, घंटा वाजवून पाहिली. तिच्यातून घसा बसलेल्या बेडकासारखा एक आवाज आला आणि थोडा गंज खाली पडला.

मग अधिकारी जे बोलले ते मामांना नीट ऐकू आलं, कारण ते निवासातल्या रीतीपेक्षा पुष्कळ मोठ्यानं बोलले. नवी घंटा मागवा. ती येईपर्यंत माणसांच्या आवाजावर काम चालवा. कर्मचाऱ्यांना शिकवा. मी कधीतरी एका दुपारी न सांगता येईन, आणि इशारा करायला सांगीन, तेव्हा सगळी इमारत पटकन रिकामी झालेली मला दिसली पाहिजे. नाही दिसली, तर वरचा मजला बंद.

तसा माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनी मोज्याची घडी घालून ती मामांच्या हातात दिली.

वरचा मजला बंद म्हणजे काय, हे त्या संध्याकाळी ताईंनी भावाला समजावून सांगितलं. वरच्या लोकांपैकी काही खाली दाटीवाटीनं मावतील. बाकीच्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या निवासात पाठवावं लागेल. आणि जाणाऱ्यांत पहिलं नाव असेल आईचं.

आई म्हणजे मामा आणि ताई, दोघांची आई. वरच्या मजल्यावर खिडकीलगतच्या पलंगावर ती राही. तिथून तिला झाडाचा शेंडा दिसे आणि शेंड्याला ती दिसे, असं तिचं म्हणणं होतं.

"तिचंच का?" मामांनी विचारलं.

"कारण ती आपली आहे," ताई म्हणाल्या. "आपल्या माणसाला ठेवून परक्याला घालवलं, असं उद्या कुणी म्हणायला नको."

ताईंच्या या न्यायबुद्धीमुळे लहानपणापासून घरातला लहान तुकडा नेहमी घरातल्याच माणसाला मिळत आला होता. त्यावर वाद घालायचा नसतो, हे मामांना ठाऊक होतं. पण त्या रात्री त्यांनी उशी दोनदा उलटली. नोकरीची सगळी वर्षं ते आईपासून दूरच्या गावी राहिले होते. आता कुठे रोज सकाळी तिच्या पलंगाशी बसून, एकाच बशीत दोघांचा चहा गार करत, तिची बोलणी खायला मिळत होती. दुसऱ्या टोकाला जायचं म्हणजे दोन बसगाड्या बदलून जायचं. तोपर्यंत चहा गार होतो आणि बोलणीही शिळी होतात.

प्रशिक्षण दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. मामांनी कर्मचाऱ्यांना जेवणघरात जमवलं आणि आग या विषयावर व्याख्यान दिलं. ते इतकं मृदू झालं की मागच्या रांगेत वॉचमनला डुलकी लागली. शेवटी मामा म्हणाले, आता प्रत्येकानं एकेकदा ओरडून दाखवा.

सिस्टर उभ्या राहिल्या. त्यांनी छातीत श्वास भरला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आग लागलीये बरं का."

मावशींनी तोंड उघडलं, पण त्यातून काही निघेना. स्वयंपाकीणबाई लाजल्या आणि पदरात तोंड लपवून म्हणाल्या की आमच्या घरी सासूबाई होत्या, तेव्हापासून सवय नाही.

तरी मामांनी धीर सोडला नाही. त्याच दुपारी पहिली रंगीत तालीम झाली. दुपारी निवास कसं असे, हे सांगितलं पाहिजे. पडद्यांतून पिवळा उजेड गाळून यायचा. पंखे इतके सावकाश फिरायचे की पाती मोजता यायची. सगळे आजी-आजोबा आपापल्या पलंगावर तरंगत असायचे, कुणी काठाजवळ, कुणी खोल पाण्यात. आणि चारच्या चहाला ते परत आले की आपापलं स्वप्न सांगायचे. निवासाचा खरा कार्यक्रम हाच. कप्तान नावाचे एक आजोबा होते. जन्म विम्याच्या कचेरीत गेलेला, पण स्वप्नात जहाजाखेरीज दुसरं काही नाही. म्हणून तर ते कप्तान. ज्याला स्वप्न पडलं नसेल त्याला सांत्वन म्हणून एक बिस्कीट जास्त मिळे. अर्ध्या स्वप्नातून कुणाला उठवणं हा निवासातला एकमेव गुन्हा होता.

अशा दुपारी कर्मचारी चवड्यांवर चालत आत शिरले. सिस्टर कप्तानांच्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या की आग लागलीये, चला. कप्तान "हं" म्हणाले आणि कुशीवर वळले. सिस्टरनी सवयीनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मावशींनी एका आजींना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यांनाच त्या झोपेचा इतका मोह पडला की त्या पलंगाच्या पायथ्याशी टेकल्या.

आणि चहाच्या वेळी कप्तानांनी सांगितलं, आज जहाजाला आग लागली होती. एक फार प्रेमळ बाई आल्या, तसं सांगितलं आणि पांघरूण घालून गेल्या. इतकं छान बुडणं आपण कधी बुडलो नव्हतो. सगळ्यांनी वा वा म्हटलं. मामांनी चहा बशीत ओतला आणि तो प्यायचं विसरले.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या बंगल्यातले वकील कुंपणावरून म्हणाले, चार भिंतींत घसा सुटत नाही, माणसं मोकळ्या मैदानावर न्या. वाण्यानं सांगितलं, मिठाच्या गुळण्या. वकिलांच्या पत्नीचं मत पडलं की आधी राग यायला हवा, आणि तो कसा आणायचा हे त्यांनी वकिलांकडे बघत सविस्तर सांगितलं. सगळ्यात वकिलांचा सल्ला पटण्यासारखा होता. फक्त, वकील असल्यामुळे त्यांनी त्याला एक शेपूट जोडलं, मैदानावर ओरडायचं तर प्रभाग कचेरीतून परवानगी घ्या.

कचेरीतल्या कारकुनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"भोंगा लावणार आहात?"

मामा म्हणाले, भोंगा नाही, नुसती माणसं ओरडणार.

"मग अवघड आहे. भोंग्याला परवानगी देता येते. नुसत्या घशाची सोय नाही."

कारकुनानं पुढे जे सुचवलं ते असं, की भोंगा भाड्यानं घ्या, त्याची परवानगी काढा, आणि मग तो लावू नका. मामांसारखा सरळ माणूस त्याला तयार झाला. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या मधोमध एक भलामोठा भोंगा आ वासून मुकाट उभा होता आणि त्याच्याभोवती निवासातले कर्मचारी घसा खाकरत होते.

सुरुवातीला त्यांच्या ओरडण्यानं एक कावळाही उडाला नाही. मामा हात उंचावून उंचावून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होते, तेही हळू आवाजात. आणि मग स्वयंपाकीणबाईंचं काहीतरी सुटलं. त्या "आग" म्हणाल्या आणि आ लांबतच गेला. त्यात बहुधा सासूबाई होत्या, नणंदा होत्या, इतक्या वर्षांची न आपटलेली भांडी होती. तो आवाज ऐकून मावशींनाही वाचा फुटली. सिस्टर तर ओरडता ओरडता रडू लागल्या आणि म्हणाल्या, किती मोकळं वाटतंय. वॉचमन भोंग्यावर चढला.

खिडक्या उघडल्या. माणसं बादल्या घेऊन धावत आली. आणि वकिलांनी, हो, त्याच वकिलांनी, आपला सल्ला साफ विसरून अग्निशमन दलाला फोन केला.

बंब आला. बंबाच्या चालकानं मैदानभर नजर फिरवली. धूर नाही, ज्वाळा नाहीत, एक भोंगा आणि त्यावर बसलेला वॉचमन. त्यानं विचारलं की इथला मोठा माणूस कोण. सगळ्यांची बोटं मामांकडे वळली. पुढचं सगळं इथे लिहिण्याची गरज नाही. एवढंच सांगते, की ज्यांनी आयुष्यात हजारो माणसांना नुसत्या नजरेनं गप्प केलं त्या मामांना, भर मैदानात, बादलीवाल्या गर्दीसमोर, बंबावरच्या माणसानं "शोभतं का या वयात?" असं विचारलं.  मामांनी भोंगा हातगाडीवर चढवला आणि ते तिच्या मागून चालत घरी आले, एखाद्या मोठ्या, निरुपयोगी नातेवाइकाला पोचवायला निघाल्यासारखे.

पण खरा घोटाळा पुढेच झाला. कर्मचाऱ्यांना ओरडण्याची गोडी लागली. स्वयंपाकीणबाई भाजी चिरली तरी ओरडून सांगू लागल्या. मावशी जिन्याखालून वर हाका मारू लागल्या. वॉचमन टपालवाल्याला लांबूनच नाव-गाव विचारू लागला. दुपारी मामा "सराव" म्हणत आणि सगळा मजला एकदम "आग" असा दणाणून जाई. आजी-आजोबा दचकून उठत, चष्मे शोधत, कुणाच्या चपला कुणाच्या पायांत, आणि निम्मे खाली पोचेपर्यंत निम्मे रागानं परत वर जात.

चारच्या चहाला शांतता पसरू लागली. कुणालाच स्वप्न पडलेलं नसे. बिस्किटं भराभर संपत आणि कुणाच्या तोंडावर त्यांचा आनंद दिसत नसे. कप्तानांनी एकदा नुसतंच सांगितलं की जहाज बंदरातच आहे, कुणी सुटूच देत नाही.

मामा आईकडे गेले. ती खिडकीकडे तोंड करून पडली होती.

"आई, उद्यापासून हाक ऐकली की पटकन उठत जा ना," मामा म्हणाले. "नाहीतर तुला त्या टोकाला पाठवतील."

"पाठवू देत," आई म्हणाली. "तिथे तरी झोपू देतील."

मामांना हे लागलं. बंबवाल्याच्या बोलण्यापेक्षा किती तरी जास्त. ते उगाच पलंगाच्या चाकाला लागलेली धूळ बोटानं पुसत राहिले.

आणि नेमके दुसऱ्या दुपारी अधिकारी आले.

ते मामांना बाजूला घेऊन म्हणाले, मी इथे दिवाणखान्यात बसतो, तुम्ही वर जाऊन इशारा करा, मला इथून सगळे बाहेर जाताना दिसतील. बसायला त्यांनी नेमकी चाकांची आरामखुर्ची निवडली. मामांनी त्यांना पाणी दिलं, पडद्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर येत होता म्हणून पडदा ओढला आणि ते वर गेले.

वरच्या मजल्यावर कर्मचारी भिंतीला लागून तयार उभे होते, मामांच्या ओरडण्याची वाट बघत. मामांनी छातीत श्वास भरला. समोर आई झोपली होती. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा सैल पडला होता. ओठ किंचित हलत होते, म्हणजे ती कुठेतरी कुणाशी तरी बोलत होती, आणि ज्या अर्थी भुवया वर गेल्या होत्या त्या अर्थी त्याला सुनावत होती. पलीकडे कप्तानांचा हात पांघरुणावर सुकाणू धरल्यासारखा होता.

मामांचा श्वास आत गेला तो आतच राहिला. त्यांनी ओरडायचा खरंच प्रयत्न केला. जो आवाज बाहेर आला तो पुस्तकाचं पान उलटल्यासारखा होता.

"लागलीये," ते म्हणाले.

सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कप्तानांकडे पाहिलं. आणि वाकून त्यांनी पलंगाच्या चाकांचा अडसर काढला. मावशींनी दुसऱ्या पलंगाचा काढला. तेल प्यालेली चाकं हलली. वरून अंगणापर्यंत चाकांच्या खुर्च्यांसाठी बांधलेला लांब उतार होता. त्यावरून एकेक पलंग निघाला, पुढे एक माणूस, मागे एक माणूस, आणि वर पांघरुणासकट झोपलेला प्रवासी. पहिला पलंग उतरताना दिसला तशा स्वयंपाकीणबाई चूल बंद करून आल्या आणि खालच्या मजल्याचे पलंग ढकलू लागल्या. वॉचमननं दारं उघडून धरली. आईचा पलंग मामांनी स्वतः घेतला आणि उतारावर सगळा भार आपल्या छातीवर पेलत तो खाली आणला. दारं बोलली नाहीत, फरशी बोलली नाही. इमारतीतून माणसं अशी बाहेर पडली जशी भांड्यातून वाफ. कागदपत्रांत डोकं घातलेल्या ताईंना मावशींनी दंडाला धरून उठवलं आणि ओठांवर बोट ठेवून बाहेर आणलं. मालकीणबाईंना असं कुणी नेण्याची ही पहिलीच वेळ होती.

शेवटी सिस्टरनी खोल्या तपासल्या. दिवाणखान्यात अधिकारी होते. शांतता, सावली, मऊ खुर्ची, पायांतून काढून ठेवलेले बूट. त्यांची मान एका बाजूला कलली होती आणि पेन्सिल मांडीवर पडली होती. आत कुणालाही ठेवायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं. सिस्टरनी खुर्चीचा अडसर काढला.

अंगणात झाडाखाली सगळं निवास झोपलं होतं. पानांच्या सावल्या पांघरुणांवरून सरकत होत्या. इमारत मागे रिकामी उभी होती, सगळी दारं उघडी. आणि आता प्रश्न असा, की हे सगळं अधिकाऱ्यांना दिसायला हवं होतं, आणि त्यासाठी त्यांना उठवायला हवं होतं. मामांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी मावशींकडे. इतक्या गाढ झोपेतून माणसाला कोण उठवणार? कर्मचारी हात बांधून उभे राहिले. ऊन सरकून अधिकाऱ्यांच्या नाकावर आलं, तेव्हा स्वयंपाकीणबाईंनी त्यांच्यावर छत्री धरली. ताईंनी हळूच विचारलं की हा वेळही ते मोजतील का, तर मामा म्हणाले की माहीत नाही, पण किती छान झोपलेत बघ.

तेवढ्यात आईच्या गालावर एक पान पडलं.

तिनं डोळे उघडले. छताच्या जागी आभाळ होतं. उजवीकडे कप्तान निपचित. डावीकडे सगळे ओळीनं निपचित. समोर गणवेशातला एक अनोळखी माणूस छत्रीखाली मान टाकून. आईनं मनाशी काय हिशोब केला असेल तो आपणही करू शकतो.

"बाळ्याऽऽ," ती ओरडली. "मी गेले आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस रे?"

तो आवाज स्वयंपाकीणबाईंचा नव्हता, भोंग्याचाही नव्हता. एका मुलाला संध्याकाळी लांबच्या मैदानावरून घरी बोलावण्यासाठी जो आवाज घडवलेला असतो तो होता. झाडावरचे पक्षी उठले. सगळे पलंग एकदम उठून बसले. कुंपणापलीकडे वकिलांच्या हातून काहीतरी फुटलं. अधिकारी खुर्चीतून उभे राहिले, ते पायांत बूट नसताना. आणि मामा, जे गेली कित्येक वर्षं कुणाचेही बाळ्या नव्हते, सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर धावत गेले आणि म्हणाले, "आलो."

अधिकाऱ्यांनी झाडाकडे पाहिलं, पलंगांकडे पाहिलं, रिकाम्या इमारतीत जाऊन प्रत्येक खोली पाहिली. बाहेर येऊन पुन्हा खुर्चीकडे पाहिलं. 

"बाहेर काढायला तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही," ते शेवटी म्हणाले. "पण धूर भरला तर झोपलेला माणूस उठायलाच हवा. नवी घंटा येईपर्यंत तुम्हाला आवाज लागेल. तुमचा नाही, मामा. यांचा." त्यांनी आईकडे हात केला.

आईनं पदर सारखा केला आणि विचारलं की हा कोण.

ताई लगेच पुढे झाल्या. आपल्याच माणसाला अशी जागा दिली तर लोक काय म्हणतील, असं त्या म्हणू लागल्या. अधिकारी म्हणाले, लोक जे म्हणतील ते ह्यांच्या आवाजात ऐकू येणार नाही. आणि धोक्याची घंटा वरच्या मजल्यावरून हलवली, तर तो मजला मला बंद करावा लागेल.  आयुष्यात पहिल्यांदा न्यायबुद्धीनं ताईंना उत्तर सुचवलं नाही. मग त्या पाठ फिरवून आईच्या पांघरुणाची घडी घालू लागल्या आणि ती घडी काही केल्या जमेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पिवळा उजेड आला. पंखे सावकाश झाले. आईनं उशी ठोकून घेतली आणि मामांना शेजारची खुर्ची दाखवली.

"बस इथे. मी झोपते. आग लागली तर मला उठव, म्हणजे मी ओरडते."

"पण आई, तू झोपलीस की मला तुला उठवायला जमत नाही."

आईनं थोडा विचार केला. मग पांघरुणातून हात बाहेर काढला आणि मामांच्या हातात दिला.

"दाब फक्त," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

मामा सबंध दुपार हात धरून बसले. मध्येच एकदा, नीट जमतंय ना ते बघायला, त्यांनी तो अगदी हलकेच दाबून पाहिला. आई उठली नाही. पण झोपेतच तिनं उलट दाबला.